मजुरी, बहिणीचा हिस्सा आणि रोजची शुद्धी

प्रायश्चित्तकाळाचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचा, शेवटचा आठवडा आला की वसईतल्या चर्चमध्ये पापनिवेदनासाठी, फादरसमोर आपली पापं कबूल करण्यासाठी, रांगा लागतात. शेजारच्या धर्मग्रामांतून (पॅरिशमधून) फादर येतात, व्हरांड्यात, सभागृहात, झाडाखाली खुर्च्या मांडल्या जातात आणि एका संध्याकाळी अख्खं गाव मोकळं होतं. मला ही गर्दी मनापासून आवडते. वर्षभर न दिसलेली माणसं तिथे दिसतात, काही जण डोळे पुसत परततात. त्या अश्रूंवर मला काडीचाही संशय नाही. माझी तक्रार आहे ती त्या रांगेमुळे आपल्या अंगवळणी पडलेल्या समजुतीबद्दल. शुद्धी म्हणजे सणाच्या आधी एकदा उरकून घ्यायची गोष्ट, असं आपण धरून चाललो आहोत. माझं म्हणणं आहे की ख्रिस्ती माणसाची शुद्धी रोजची असते, त्या त्या दिवसाची त्याच दिवशी करायची असते, आणि ज्याचं आपण देणं लागतो त्याच्या हातात ते पडेपर्यंत ती पुरी होत नाही.

वर्षाचा हिशेब आला कुठून? १२१५ साली कॅथलिक चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने ठरवलं की जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावं आणि निदान ईस्टरच्या काळात कम्युनियन, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, घ्यावं. संस्कारांकडे वर्षानुवर्षं न फिरकणाऱ्यांसाठी घातलेली ती किमान अट होती. कमीत कमी म्हणून सांगितलेलं आपण पुरेसं मानून बसलो. आठशे वर्षांत ते इतकं मुरलं आहे की महिन्यातून दोनदा पापनिवेदनाला जाणाऱ्या बाईकडे आज आपण जरा चमकूनच पाहतो.

वर्षभराने माणूस त्या खुर्चीसमोर गुडघे टेकतो तेव्हा त्याच्या पापांना चेहरे उरलेले नसतात. राग आला, खोटं बोललो, रविवारी मिस्साला गेलो नाही, वाईट विचार मनात आले. ही यादी नालासोपाऱ्यातला माणूसही म्हणू शकतो आणि मालवणातलाही, विशीतला आणि सत्तरीतलाही. राग कोणावर आला? खोटं बोलल्यामुळे कोणाचं काय गेलं? ते आता आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून परत काही करावंही लागत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. बाईचं नाव आलं असतं, रक्कम आली असती, ती कुठल्या पाड्यावर राहते तेही आलं असतं.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागून झाली की लगेच क्षमेची मागणी येते. भाकर आजची मागायची आणि क्षमा वर्षाची, अशी फोड त्या प्रार्थनेत कुठेच नाही. ती आपण दिवसातून कितीदा म्हणतो! रोझरीत म्हणतो, जेवणाआधी म्हणतो, मयताच्या घरी म्हणतो. भाकरीची ओळ आपण शब्दशः घेतो, कारण पोट रोज मागतं. पुढच्या ओळीला मात्र आपण वर्षाची मुदत दिली.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी नकार देतो, मग म्हणतो, नुसते पाय कशाला, हात आणि डोकंही धू. त्यावर येशू सांगतो की ज्याचं स्नान झालं आहे त्याला पाय धुण्यापलीकडे गरज नाही. हे आपल्या कोकणात कोणाला समजावून सांगावं लागू नये. पावसाळ्यात वाडीतून परतलेला माणूस आधी पाय धुतो, मगच ओटीवर चढतो. त्यासाठी तो पुन्हा आंघोळ करत नाही. पण सकाळी आंघोळ झालीय म्हणून चिखलाचे पाय घेऊन घरातही शिरत नाही. स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, एकदाच होतो. पाय रोज मळतात.

इथे माझे प्रोटेस्टंट मित्र मला अडवतात. या किनाऱ्यावर त्यांचाही इतिहास जुना आहे. बाणकोट-हर्णैला १८२० च्या दशकात स्कॉटिश मिशनरी आले, पुढे रत्नागिरी-वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले, दवाखाने निघाले, शाळा निघाल्या. त्यांचं म्हणणं असं की ख्रिस्ताच्या रक्ताने आपण एकदाच आणि कायमचे नीतिमान ठरलो. आता रोज धुवत बसणं म्हणजे कृपेवर अविश्वास. आक्षेप गंभीर आहे आणि त्यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. पण ज्या मार्टिन लूथरच्या नावाने हे सांगितलं जातं, त्याने १५१७ साली मांडलेल्या पंचाण्णव प्रबंधांतला पहिलाच असा आहे की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं अशी प्रभूची इच्छा आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात आपली पापं पदरी घ्या असं सांगितलं आहे ते बाहेरच्यांना नव्हे, प्रकाशात चालणाऱ्या विश्वासी मंडळींना. रोज पाय धुणारा आपल्या स्नानावर शंका घेत नसतो. जिथे राहायला मिळालं त्या घराचा तो मान राखत असतो.

वसई-विरार पट्ट्यात गेल्या काही वर्षांत प्रार्थनासभा वाढल्या आहेत. तिथे पवित्रतेवर तळमळीने बोललं जातं: दारू नको, तंबाखू नको, शिवीगाळ नको, सिनेमा नको, कोणी कोणी तर दागिनेही नकोत म्हणतात. या सभांनी दारूत बुडालेली घरं वर काढली आहेत. ज्या बाईचा नवरा आता पगार घरी आणतो तिच्यासमोर कोणी या सभांना नाक मुरडू नये. पण जे सोडायचं त्याची यादी इथे लांबलचक असते आणि जे द्यायचं त्याची यादी बहुधा नसतेच. पवित्रतेची ही अर्धीच बाजू झाली.

लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय उघडून पाहा. तो सुरू होतो देवाच्या आज्ञेने: तुम्ही पवित्र असा, कारण मी पवित्र आहे. पुढे काय येईल असं वाटतं? धूप, उपास, वस्त्रं? तिथे शेत येतं. कापणी करताना कडेचं पीक गोरगरिबांसाठी आणि परक्यांसाठी राखून ठेव. मग येतं की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नकोस. बहिऱ्याला शिव्या देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नकोस. न्याय करताना धनवानाचं तोंड पाहू नकोस. अध्याय संपता संपता तराजू आणि वजनं येतात. पवित्र असा, या आज्ञेचा देवाने स्वतः दिलेला तपशील तो हा.

मजुरीचं कलम बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात पुन्हा येतं आणि तिथे सूर्य मावळण्याआधीची मुदत घातलेली आहे, कारण मजूर गरीब असतो आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. शेकडो वर्षांनी पौल इफिसकरांना लिहितो तेव्हा रागासाठीही तो हीच मुदत घालतो: सूर्य मावळण्यापूर्वी तो सोडून द्या. मजुरी आणि राग, दोघांना एकच घड्याळ. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, सूर्य बुडताना आपल्याला रोज दिसतो, आणि त्याच सुमारास गावागावात संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होते. घंटा झाली की हात थांबतात, कपाळाला लागतात. त्या क्षणी दिवसाचा व्यवहार पुरा झालेला आहे का, हे आपण स्वतःला विचारत नाही.

वसईच्या वाड्यांत सोनचाफा पहाटेच खुडायचा असतो. उशीर झाला तर गाडी चुकते आणि दादरच्या बाजारात माल पडून राहतो. खुडायला पाड्यावरच्या बाया येतात. नंतर त्याच बाया तोंडलीच्या मांडवाखाली वाकून दुपारपर्यंत राबतात. काम झालं की त्या विहिरीवर हातपाय धुतात आणि ओटीच्या खाली, जरा बाजूला, उभ्या राहतात. त्या मागत नाहीत. आतून आवाज येतो, "सुटे नाहीत गं, शनिवारी एकदम देते." शनिवारी त्यांच्यातली एक आजारी असते, दुसरी म्हणते चार दिवस भरले, बाई म्हणते तीन. वाद होत नाही, कारण वाद घालणारीला सोमवारी बोलावणं येत नाही. एका दिवसाची मजुरी बुडते. हे करणारं घर वाईट नसतं. त्या घरात रोझरी चुकत नाही, वेदीवरची फुलं त्यांच्याच वाडीतून जातात. त्या फुलांसाठी पहाटे उठलेल्या बाईचे पैसे मात्र घरातल्या डब्यात रात्रभर पडून राहतात. याकोबाच्या पत्रात लिहिलं आहे की अशी अडकवलेली मजुरी ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे. होड्यांवर वेगळं काही घडत नाही. हंगामाच्या सुरुवातीला खलाशाला उचल दिलेली असते आणि जून उजाडताना बोट किनाऱ्याला लागते तेव्हा त्या उचलीचा हिशेब फक्त एकाच वहीत असतो.

यावर उत्तर मिळतं की मनातून क्षमा मागितली, देवाने केली, संपलं. पाप शेवटी देवाविरुद्धच असतं, दावीद राजाने एक्कावन्नाव्या स्तोत्रात तसंच म्हटलं आहे. खरं आहे. पण दुसऱ्याची बायको हिरावून घेतलेला दावीद त्या स्तोत्रापर्यंत पोहोचला कसा? नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला आणि त्याने एका गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. ज्याचं हिरावून घेतलं तो माणूस डोळ्यांसमोर उभा राहिल्यावरच राजाच्या तोंडून कबुली निघाली. आणि मोशेच्या नियमशास्त्रात कबुलीबरोबर रक्कम आहे. गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे: पाप कबूल करावं, घेतलेलं पूर्ण परत करावं आणि वर पाचवा हिस्सा जास्त द्यावा. पाचशे रुपये अडकवले असतील तर सहाशे. जकातदार जक्कय तर चौपट द्यायला उठला, आणि आज या घराला तारण झालं आहे हे येशूने म्हटलं ते त्यानंतर. कॅथलिक धर्मशिकवणही हेच सांगते की क्षमेने पाप जातं, पण केलेलं नुकसान भरून काढायची जबाबदारी उरते. चोरलेलं परत करायचं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव पुन्हा सावरायचं. तरीही प्रायश्चित्त म्हणून आपल्याला बहुतेक वेळा तीन नमो मरिया मिळतात. प्रार्थना सांगू नयेत असं मी म्हणत नाही. त्याबरोबर 'ते पैसे उद्या सकाळी नेऊन दे' एवढं एक वाक्य जोडता येईल.

आता त्या गोष्टीकडे येतो जी मला सगळ्यात जास्त सलते. वसईत जमिनीला भाव आला आणि हक्कसोडपत्रांचं पीक आलं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एखादी सकाळ बसून पाहा. भाऊ बहिणीला रिक्षाने घेऊन येतो. तिला बसायला खुर्ची देतो, चहा आणून देतो. कागदावर छापलेलं असतं की ती आपला हक्क नैसर्गिक प्रेमापोटी, विनामोबदला सोडत आहे. ती चष्मा घरी विसरलेली असते किंवा वाचायला वेळ नसतो. "इकडे बघा," म्हणून फोटो काढला जातो, यंत्रावर अंगठा टेकवला जातो, आणि ज्या वाडीत तिने लहानपणी पाणी शिंपलं त्या वाडीच्या सातबाऱ्यावरून तिचं नाव जातं. तिला जमिनीची किंमत कोणी सांगितलेली नसते. तिला एवढंच कळतं की सही केली नाही तर माहेर बंद होईल, आईच्या आजारपणातही उंबरठ्यावर तोंडं फिरतील.

कायदा तिच्या बाजूचा आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती माणसाच्या मुलामुलींना सारखा वाटा आहे. मुलगी म्हणून काही कमी नाही. केरळात हाच हक्क मिळवण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, निकाल १९८६ साली लागला. आपल्याकडे त्या लढाईची गरजच नव्हती. कायद्याने दिलेलं आपण घरातल्या घरात, चहा पाजून काढून घेतलं. सगळीच हक्कसोडपत्रं अन्यायाची असतात असं नाही. कोणी बहीण सुस्थितीत असते, भाऊ कष्टाळू आणि गरजू असतो, ती जाणून-समजून देते. तिचं ते दान खरंच प्रेमाचं आहे. ओळखायची खूण साधी आहे: तिला किंमत सांगितली होती का, आणि नाही म्हणायची मोकळीक होती का? या दोन प्रश्नांची उत्तरं भावाला ठाऊक असतात. त्याच रविवारी तो मिस्साला जातो, शांतीची खूण म्हणून शेजाऱ्याचा हात हातात घेतो आणि कम्युनियनच्या रांगेत उभा राहतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं वेदीपाशी आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तिथे असं नाही म्हटलेलं की तुझ्या मनात काही असेल तर. ज्याचं दुखलं आहे त्याच्या, म्हणजे इथे बहिणीच्या, मनात काय आहे ते विचारायचं आहे.

धर्माने जमीनजुमल्यात पडू नये, असं म्हणणारे भेटतात. मग बावखलांबद्दल, वाड्यांतल्या त्या तळ्यांबद्दल, कोणी बोलायचं? वसईच्या वाड्या ज्या गोड्या पाण्यावर जगल्या ती बावखलं डेब्रिजने बुजवली गेली, वर इमारती आल्या, आणि आता पावसाळ्यात गावात पाणी तुंबतं, उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात. हे पाप कोण पापनिवेदनात सांगतो? ज्याची जमीन होती तो म्हणतो, मी फक्त विकली. ज्याचा ट्रक होता तो म्हणतो, मी फक्त माल ओतला. याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीबरोबर पाण्यासाठी आणि जमिनीसाठी रस्त्यावर उतरले, धमक्या येऊनही मागे हटले नाहीत. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो पाठवले. त्यांचा झगा आणि त्यांचा मोर्चा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्यांनी कधी मानलं नाही. आपणही मानू नये.

संतपद बाजारापासून दूर असतं अशीही एक समजूत आहे. पण संत गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईत जन्मलेला, हा आधी जपानात व्यापार करत होता. मग तो फ्रान्सिस्कन झाला, १५९७ साली नागासाकीला क्रूसावर मेला, १८६२ साली संत घोषित झाला. त्याच्या नावाने आपलं कॉलेज आहे. देणंघेणं, नफातोटा ठाऊक असलेला हा माणूस आपला पहिला संत आहे.

एक भीती मात्र मी हलकी मानत नाही. रोज स्वतःला तपासत बसलं की काही मनं आजारी पडतात. लूथर मठात असताना तासन् तास पापनिवेदन करायचा आणि तरी त्याला चैन पडत नसे. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याला स्पेनमधल्या मनरेसा इथे अशाच शंकांनी इतकं छळलं की जीव नकोसा झाला. पण त्याच इग्नेशियसने पुढे रोजच्या आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली ती कृतज्ञतेपासून सुरू होते: आधी दिवसभरात मिळालेल्याबद्दल आभार, मग प्रकाशासाठी प्रार्थना, मग दिवसाचा आढावा, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. छळ होतो तो अंतहीन यादीचा. एका दिवसाची यादी लहान असते, आणि त्यातही 'मी कसा आहे' यापेक्षा 'मी आज कोणाचं काय लागतो' असं विचारलं तर उत्तराला हातपाय असतात. ते देऊन टाकता येतं आणि शांत झोप लागते. ज्याला तरीही झोप लागत नाही त्याने फादरशी आणि गरज पडली तर डॉक्टरशी बोलावं. त्यात कमीपणा नाही.

तेव्हा घरोघरी संध्याकाळी रोझरी सुरू करण्याआधी दोन मिनिटं थांबावं आणि घरातल्या कर्त्या माणसाने मुलांच्या देखत म्हणावं, आज कोणाचे पैसे राहिलेत? कोणाशी बोलणं तुटलंय? मुलं हे ऐकत मोठी झाली पाहिजेत. धर्मग्रामांनीही आधी स्वतःच्या घरात पाहावं: चर्चची झाडलोट करणारी बाई, स्वयंपाकीण, राखणदार, शाळेतल्या कंत्राटी शिक्षिका, यांना वेळेवर आणि पुरेसं मिळतं का, हे वार्षिक जमाखर्चात सगळ्यांना वाचता येईल असं लावावं. पापनिवेदनाची गुप्तता अबाधित ठेवूनही प्रवचनातून परतफेड शिकवता येते. आणि विवाहपूर्व शिबिरात, जिथे आपण संसाराच्या इतक्या गोष्टी सांगतो, तिथे एक तास वारसा कायद्याला द्यावा. होणाऱ्या नवऱ्याला त्याच्या बहिणीचा वाटा किती ते कळू दे, होणाऱ्या बायकोला तिचा स्वतःचा. वसईत वकील कमी नाहीत, त्यातले कितीतरी रविवारी पहिल्या बाकांवर असतात. शिबिराला एकाने एक सकाळ दिली तरी चालेल. येत्या राखेच्या बुधवारी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्याच दिवशी, फादरांनी नुसतं विचारून पाहावं, कोण कोण हात वर करतं ते.